दिव्याचं ऊन

ही गोष्ट खरी आहे.

मी हे वाक्य लिहिलं की लोक हसायला सुरुवात करतात. त्यांचा दोष नाही. हयातभर मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. खोटं लिहिलं की लोक म्हणायचे, अगदी मनातलं लिहिलंत. खरं लिहिलं की वकिलाची नोटीस यायची. आता निवृत्त आहे. आता मला कुणाला हसवायचं नाही. तरी हसू आलंच तर स्वतःच्या जबाबदारीवर हसा.

शक्यतो उजेडात.

तर... ती रात्र.

ती रात्र आमच्या मागच्या खोलीत झाली. भर दुपारी. आणि अजून संपलेली नाही.

माझी भाची एक छोटी फिल्म करत होती. चहा निवायच्या आत संपेल एवढी छोटी. विषय व्हॅम्पायर. एक म्हातारी घरमालकीण असते. तिचा भाडेकरू दिवसा कधी खोलीबाहेर पडत नाही. पण भाडं वेळेवर देतो, त्यामुळे म्हातारीला बरेच दिवस संशय येत नाही. शेवटी ती खिडकीवरचं काळं कापड ओढते, ऊन आत येतं, भाडेकरू खलास. संपला सिनेमा.

"मामा, तुमची मागची खोली हवी," भाची म्हणाली.

"तिथे मी लिहितो."

"तुम्ही निवृत्त झालात ना?"

"निवृत्त माणसाला न लिहायलाही एक खोली लागते."

हे वाक्य मला बरं जमलं असं वाटलं. तोवर तिने माझं टेबल पॅसेजमध्ये काढलं होतं.

म्हातारीच्या भूमिकेत आमची ही. होय, माझी बायको. भाचीने भीत भीत विचारलं तर ही ताडकन म्हणाली, "जमेल की! यांच्याबरोबर संसार करून गरीब बिचारी दिसायचा चांगला सराव झालाय."

भाडेकरू झाला होता लांब्या. भाचीचा मित्र. चष्म्याच्या दुकानात कामाला. दारातून वाकून यायचा आणि खोटे दात खिशात सुट्या पैशांबरोबर ठेवायचा. त्याला घाबरण्यासारखं काही नव्हतं. हिच्या हातची पोळी खाताना तो व्हॅम्पायर वगैरे अजिबात वाटत नसे. भस्म्या झालेला वाटे.

सिनेमावाले रात्र दिवसाच तयार करतात, हे मला तेव्हा कळलं. खिडकी काळ्या कापडाने बंद करायची, की दुपारची झाली रात्र. ते कापड हिनेच शिवलं. लग्नाआधीपासून तिचं शिवणकाम. पडदे, खोळी, गणवेश, सगळं. कापड दुहेरी घेतलं. एका थराची शिवण दुसऱ्या थराच्या शिवणीवर येऊ दिली नाही, कारण सुईच्या भोकांतूनसुद्धा उजेड येतो म्हणाली. मग ते कापड लाकडी पट्ट्यांखाली दाबून चारी बाजूंनी खिळे मारले.

दार लावलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता.

"वा, मामी!" कॅमेरावाला म्हणाला. "याला म्हणतात रात्र."

शूटिंग संपेपर्यंत ते कापड काढायचं नाही असं ठरलं. रोज काढून रोज लावलं तर उजेड बदलतो म्हणे. त्यामुळे त्या खोलीत सूर्य शिरणं बंद झालं. एकदम बंद.

आम्हाला वाटत होतं, आम्ही सेट लावलाय. ज्याला राहायला जागा हवी असते, त्याला सेट आणि घर यातला फरक काय कळणार?

पहिली खूण कानाला आली.

आवाजाचं काम करणारा एक चिडका माणूस होता. सतत कानांवर हेडफोन. मी त्याला कानवाला म्हणायचो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती रेकॉर्ड करून ठेवावी लागते, म्हणून सगळ्यांनी थोडा वेळ पुतळ्यासारखं उभं राहायचं, असा त्याचा नियम.

मी म्हटलं, "शांतता हवी तर आमच्या जेवणाच्या टेबलावर ये. हवी तेवढी भरून ने."

"मामा, गप्प."

दिवे बंद झाले. आम्ही अंधारात उभे राहिलो. मी, ही, भाची, लांब्या, कॅमेरावाला.

थोड्या वेळाने कानवाला खेकसला...

"कोण पाणी पितंय?"

कुणीच पीत नव्हतं. तांब्या स्वयंपाकघरात होता.

"पुन्हा! अरे, घोट घेतंय कुणीतरी. ऐका."

त्याने हेडफोन काढून माझ्या कानांना लावले. आधी नुसती खरखर. मग...

गट्.

गट्... गट्... गट्...

मोठे घोट. उन्हातून तंगडतोड करून आलेला माणूस पाणी पितो तसे. अधाशी.

मी श्वास रोखला.

पिणाराही थांबला. भांड्याचं तोंड सोडून कुणीतरी मान वर करून बघावं, तसा.

"पाइपातून येत असेल," कॅमेरावाला म्हणाला. "वरच्या मजल्यावर आंघोळी चालल्या असतील."

आम्ही सगळ्यांनी लगेच मान्य केलं. भीती वाटली की माणूस शेजाऱ्यांच्या आंघोळीवरसुद्धा विश्वास ठेवतो.

दुसऱ्या दिवशी चावण्याचा शॉट होता. म्हातारी खुर्चीत डुलकी घेतेय आणि भाडेकरू मागून तिच्या मानेवर वाकतो. शॉट झाल्यावर ही मान चोळत बाहेर आली.

"मेल्या, तुझे दात केवढे टोचतात रे! खोटे असले म्हणून काय झालं?"

लांब्याने खिशात हात घातला. दात आणि सुटे पैसे दोन्ही बाहेर काढले.

"मामी, शॉट पाठीमागून होता. मी दात लावलेच नव्हते."

"मग?"

"आणि जवळही आलो नाही. सकाळी लसूण खाल्लेला. तुम्हाला वास येईल म्हणून हातभर लांब उभा होतो."

लसूण खाणारा व्हॅम्पायर! सगळे खो खो हसले. ही मात्र मान चोळत राहिली.

शेवटच्या दिवशी कॅमेरावाला म्हणाला, "मामी, आजचा मेकअप जबरदस्त. ओठसुद्धा पांढरे केलेत!"

"कसला मेकअप?" ही म्हणाली. "आत्ता तर तोंड धुऊन येतेय."

आता शेवटाबद्दल. सगळी भानगड त्या शेवटातच आहे, म्हणून नीट ऐका.

शेवटाला ऊन हवं होतं. खरं, कडक ऊन. आणि नेमका त्या दिवशी सूर्याने दांडी मारली. सकाळपासून आभाळ गच्च. भाची खिडकीखाली अंगणात उभी राहून आभाळाला शिव्या घालत होती. लांब्याची रजा संपत आली होती. वाट बघता बघता दिवस मावळला. अंधार पडला.

मग कॅमेरावाल्याने अंगणात एक थोरला दिवा उभा केला. त्यावर पिवळा कागद बांधला. खटका दाबला, आणि खिडकीबाहेर दुपार झाली.

"हे चालेल?" मी विचारलं.

"मामा, कॅमेऱ्याला काय कळतंय? ऊन म्हटलं की ऊन."

कापडाची एक बाजू सैल करून ठेवली. हिने ते ओढलं. पिवळा झोत खोलीभर पसरला. लांब्या पोटात कळ आल्यासारखा ओरडला, स्टुलाला अडखळला आणि दाणकन पडला. एवढा वाईट अभिनय मी फक्त सत्कार समारंभात पाहिला आहे.

"कट!" भाची आनंदाने ओरडली.

पण कानवाला माझ्याकडे रोखून बघत होता.

"मामा, हसलात."

"मी?"

"लांब्या मेला आणि तुम्ही हसलात. शॉट नासवलात."

"अरे, आयुष्यभर मी लोकांना हसवलं. स्वतः हसलो असतो तर नोकरी गेली असती."

त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं. हेडफोन माझ्याकडे फेकले.

लांब्याची किंकाळी. स्टूल. धप्पकन पडणं. मग शांतता. आणि मग...

कुणीतरी हसलं.

नाकातल्या नाकात. अगदी माइकजवळ. लहान मूल लाकडी तलवार घेऊन अंगावर धावून आलं की मोठी माणसं हसतात ना, तसं.

माइक हिच्या डोक्यावर धरलेला होता.

"काढून टाकू आपण हे हसणं," भाची घाईघाईने म्हणाली. "निघेल ना?"

"आवाजातून निघेल," कानवाला म्हणाला. आणि वायरी गुंडाळायला लागला. जेवायला थांबला नाही. पुन्हा आमच्याकडे आला नाही.

पांगापांग झाली. मी कापड काढायला हातोडी घेतली तर भाची म्हणाली, "राहू द्या ना मामा. एडिटमध्ये काही गडबड निघाली तर परत शॉट घ्यावा लागेल." कॅमेरावाल्याने सैल बाजूला पुन्हा पट्टी ठोकली. कापड राहिलं.

ही हळूहळू त्या खोलीत बसायला लागली. आधी दुपारची पडायला. "डोळ्यांना बरं वाटतं हो. बाहेर फार झळझळतं." मग सकाळपासून. मग आम्ही दोघांनी धरून तिचं शिलाई मशीनच आत नेलं.

मी पॅसेजमधल्या टेबलाशी बसायचो. बंद दाराआडून मशीनचा आवाज यायचा. खडखडखडखड...

"दिवा लावू का?" मी विचारलं.

"कशाला? दिसतंय."

खडखडखडखड...

मग मशीन थांबायचं. आणि त्या थांबण्यात...

गट्. गट्.

मी दार उघडलं की काही नाही. अंधारात खुर्चीत ही बसलेली. दमलेली. हातात हात घेतला तर फरशीला हात लावल्यासारखा गार.

डॉक्टर घरी आले. आमचे जुनेच. त्यांनी हिची नखं पाहिली, पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि गंभीर झाले.

"रक्त फार उतरलंय, वहिनी. कुठून जातंय कळायला हवं. आणि मानेला हे काय? डास फार आहेत का?"

"एकच आहे," ही म्हणाली. "पण ओळखीचा झालाय."

डॉक्टर हसले. गोळ्या लिहून दिल्या. मी हसलो नाही. आमच्या घरात विनोद मी करतो. तिने कधी केला नव्हता.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डोक्यात तो पिवळा कागद बांधलेला दिवा फिरत होता. आणि ते हसणं. लाकडी तलवार... पहाटे एकदम उठून बसलो. उजाडल्यावर भाचीला फोन लावला.

"शेवट परत घ्यायचा."

"का? शेवट तर फर्स्ट क्लास झालाय, मामा!"

"फर्स्ट क्लास झालाय. पण तुम्ही त्याला दिव्याने मारलंत."



"विनोद करताय का?"

"नाही. मामीला येऊन बघ."

ती आली. मामीला पाहिलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं. अंगणातली फरशी चटके देत होती. खिडकीबाहेर ऊन नुसतं पेटलं होतं.

आम्ही दोघं आत गेलो. भाचीने मोबाइलचा उजेड केला. खिडकीसमोर खुर्ची, खुर्चीत ही. तिच्या मागे कोपरा. त्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड पोचत नव्हता. म्हणजे, पोचायला हवा होता. खोली काही एवढी मोठी नाही.

"मामी," भाची आवाज गोड करून म्हणाली, "फक्त एक टेक. कापड ओढायचं, बस."

"माझं काम झालं."

"असं काय करता? शेवट चुकलाय."

"चुकू दे. काय वाईट चाललंय त्याचं? गप्प असतो बिचारा दिवसभर. यांच्यासारखी सतत टकळी नसते."

मी खिडकीकडे गेलो. हातोडीचं मागचं टोक पट्टीखाली घातलं.

"अहो, नको," ही म्हणाली.

मी खिळा उचकटला.

"हात काढ."

मी वळून पाहिलं. आवाज हिचाच होता. पण एवढ्या वर्षांत ती माझ्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती. रागावली की उलट आणखी मानाने बोलायची. "आपण आता जेवून घ्यावं," म्हणाली की समजायचं, आज काही खरं नाही.

"कळत नाही का, म्हाताऱ्या? हात काढ."

"मामा, ओढा!" भाची ओरडली.

मी ओढलं.

पट्टी निघाली. कापडाचा कोपरा दुमडला आणि उन्हाची एक तिरीप आत घुसली. अख्ख्या खोलीत कुणीतरी दात आवळून श्वास आत घ्यावा तसा आवाज झाला. तिरीप फरशीवर पडली. मी कापड आणखी ओढलं. तिरीप पुढे सरकली. खुर्चीच्या पायाशी आली. खुर्चीमागे काहीतरी जड, घासत घासत, कोपऱ्यात मागे मागे जायला लागलं.

भीत होतं. खऱ्या उन्हाला ते भीत होतं!

आणखी थोडं. फक्त आणखी थोडं कापड, की ऊन कोपऱ्यात.

पण कोपऱ्याच्या आधी खुर्ची होती.

तिरीप हिच्या पावलाला लागली.

तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं झालं. चर्र... आणि वास.

"अहो! अहो, भाजलं हो!"

हा आवाज तिचा होता. तिचा स्वतःचा. स्वयंपाकघरात पातेल्याचा चटका बसला की माझाच दोष असल्यासारखी ओरडायची, तो.

"थांबा!" भाची किंचाळली. "मामा, थांबा, पाय बघा!"

मी कापड घट्ट दाबून धरलं. तिरीप विझली.

"ऊठ," मी म्हणालो. "ऊठ, बाहेर चल. मी उचलतो तुला."

ती रडत होती. रडतच म्हणाली,

"कुठे नेणार? बाहेर ऊन आहे."

मी तिथेच उभा राहिलो. एका हातात कापड, दुसऱ्या हातात हातोडी. एका ओढीत त्याचा निकाल लागला असता. हिच्यासकट.

मग मीच पट्टी परत लावली. खिळे मीच ठोकले. एक खिळा वाकडा गेला.

"उजवीकडे फट राहिलीय," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

पुरुषाचा आवाज होता. शांत. सूचना दिल्यासारखा.

मी ती फट बुजवली.

फिल्म पुढे दाखवली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटाचं विशेष कौतुक झालं, ऊन अगदी खरं वाटतं म्हणाले. लांब्याने फोन करून विचारलं, "मामींना आवडली का?" मी म्हटलं, तिने पाहिली नाही. भाची आता घरात येत नाही. अंगणात उभी राहून विचारते, "मामी?" मी सांगतो, बरी आहे.

ते खोटं नाही. तिच्या गालांवर रंग आलाय. नखं गुलाबी झालीत. डॉक्टर खूश आहेत, गोळ्या लागू पडल्या म्हणाले. गोळ्यांचं पाकीट फ्रीजवर तसंच पडलंय. फोडलेलं नाही.

मला मात्र हल्ली उभं राहिलं की भोवळ येते. वय झालं, दुसरं काय? डॉक्टरांनी परवा माझीही नखं पाहिली आणि विचारलं, डास अजून आहेत का?

रात्री ती माझ्याशेजारी झोपते. निदान मी झोपतो तेव्हा तरी ती शेजारी असते.

टेबल मी पॅसेजमधून हॉलमध्ये आणलंय. तिथे खिडकीतून ऊन येतं. त्यात बसून हे लिहितोय.

मघाशी खोलीतून हाक आली.

"अहो, बाहेर एकटे काय बसलाय? आत या ना. जागा आहे."

तिचाच आवाज. गोड. घरातल्या घरात मारतात तशी हाक.

आणि मी म्हणालो, "आलो."

संसारात हा शब्द जिभेवर बसतो हो. बायकोने हाक मारली की नवरा "आलो" म्हणतो आणि जागचा हलत नाही. सगळेच करतात. आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

पण माझं "आलो" ऐकल्यावर आत लगबग सुरू झाली. खुर्ची सरकली. मग मशीन सरकलं. ते बिडाचं मशीन तिला एकटीला हलत नाही. हलवायला दोघं लागतात.

जागा करताहेत...

मी उठलो नाहीये. उन्हातच बसलोय. ऊन सरकलं की टेबल सरकवतो. दुपारपासून तेच चाललंय. आधी खिडकीजवळ होतो, मग सोफ्याजवळ, आता भिंतीला टेकलोय.

ऊन आता भिंतीवर चढलंय.

तिथे टेबल नेता येत नाही.